माहुलच्या आयांची साक्ष

श्रावणातल्या शुक्रवारी मुलांना ओवाळणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो. तीच बाई सोमवारी महापालिकेच्या कचेरीत जाऊन सांगते, की रात्री उग्र वास येतो आणि पोराला धाप लागते. तेव्हा तिला अर्ज लिहून आणायला सांगतात आणि अर्ज आणला की पुरावा मागतात. शुक्रवारी ती पूज्य असते, सोमवारी कटकट्या. यात काही विसंगत आहे असं सहसा कुणाला वाटत नाही, कारण ओवाळणं ही श्रद्धेची बाब आणि हवा ही शास्त्राची, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. मला ती वाटणी मान्य नाही. आईपणाभोवती जी श्रद्धा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्या गाभ्याशी लक्ष ठेवण्याची शिस्त आहे. त्या लक्षातून जे कळतं ते ज्ञान आहे. आणि ते ज्ञान चारचौघांत, सरकारदरबारी मांडणं हा त्या श्रद्धेचाच पुढचा टप्पा आहे. जाणीवपूर्वक जगण्याची जी भाषा हल्ली सगळीकडे ऐकू येते, तिला काही अर्थ द्यायचा असेल, तर तो इथे सापडेल असं मला वाटतं. घरातल्या कपाटाच्या आवराआवरीत तो सापडणार नाही.

हे म्हणणं तपासून पाहायला मुंबईत माहुलइतकी चोख जागा नाही. चेंबूरच्या खाली खाडीकाठचं हे कोळी-आगऱ्यांचं जुनं गाव. १९५०च्या दशकात त्याच्या शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने आले. तेव्हा ते स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल होते, आज हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम आहेत. त्याच सुमारास टाटांचं वीजकेंद्र, मागाहून खतांचा कारखाना, आणि मग रसायनं साठवण्याच्या टाक्या. एवढं सगळं उभं असताना त्याच्या कुंपणाला खेटून प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती बांधल्या गेल्या. सुमारे १७ हजार घरं, एकेक २२५ चौरस फुटांचं. गावातल्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि डिसेंबर २०१५मध्ये लवादाने निकाल दिला, की माहुल आणि आंबापाडा इथल्या लोकांच्या आरोग्याला हवेच्या प्रदूषणामुळे धोका आहे. यानंतर या इमारतींत नवी कुटुंबं आणणं थांबायला हवं होतं. झालं उलटं. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजू मोकळ्या करण्याच्या न्यायालयीन आदेशाचा आधार घेऊन २०१७पासून विद्याविहार, घाटकोपरच्या बाजूच्या वस्त्या तोडल्या गेल्या आणि तिथल्या लोकांना माहुलच्या चाव्या देण्यात आल्या. एका कागदावर ‘इथे धोका आहे’ असा निकाल आणि दुसऱ्या कागदावर ‘इथे राहा’ असं वाटपपत्र, असे दोन्ही कागद दोन वर्षांच्या आत याच शहराबद्दल निघाले. ऑगस्ट २०१८मध्ये शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा ज्यांनी हे दोन्ही कागद वाचले होते त्यांना तरी नवल वाटायला नको होतं.

आता श्रद्धेकडे वळू. जिवतीचा छापील कागद श्रावणाच्या तोंडावर बाजारात येतो. त्यावर नृसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, बुध-बृहस्पती असतात आणि मुलांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका असतात. यातली जरा ही महाभारतातली राक्षसीण. दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधलं, आणि मग मुलं खाणारी म्हणून जिचं भय होतं ती मुलं राखणारी होऊन देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर आली. दर शुक्रवारी मुलांना ओवाळायचं. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, कारण ते नेमकं कुठे आहे आणि संकट कुठून येईल हे ठाऊक नाही. श्रावण संपताना पिठोरी अमावास्येला आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून मागे न पाहता ‘अतिथी कोण?’ म्हणून विचारते आणि मागे उभं असलेलं मूल ‘मी’ म्हणतं. हे सगळे विधी बारकाईने पाहिले तर त्यांत देवाकडून मागण्यापेक्षा मुलाकडे वळून बघणं जास्त आहे. मूल आहे ना, हाकेला ओ देतं ना, ठरलेल्या वारी ताटासमोर बसतं ना? वर्षाच्या धबडग्यात जी चौकशी राहून जाईल, ती पंचांगाने वाराला बांधून ठेवली आहे. व्रताची ताकद त्याच्या आवर्तनात असते. दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच माणसाकडे नीट पाहायचं. गेल्या शुक्रवारी जो चेहरा भरलेला होता तो या शुक्रवारी ओढलेला दिसतो, हे पाहणाऱ्याला कळतं, कारण तुलनेला गेला शुक्रवार हाताशी असतो.

सटवाईच्या पूजेत हे आणखी स्पष्ट दिसतं. बाळ पाच-सहा दिवसांचं झालं की रात्री पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा लावतात आणि घरातल्या बाया जागतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते अशी समजूत. आता दुसरी एक गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तान्ह्या बाळाचा धनुर्वात पूर्वी घराघरांतून मुलं नेत असे, आणि त्याची लक्षणं बहुधा जन्मानंतरच्या तीन ते चौदा दिवसांत दिसतात. म्हणजे जागरणाची रात्र ऐन धोक्याच्या दिवसांत पडते. पूजेचा उगमच तिथे आहे, असा दावा मी करत नाही. लोकाचारांचे उगम शोधणं हा फसवा धंदा आहे. पण ज्या बायांनी ही रात्र जागायची असं ठरवलं आणि पुढच्या पिढीला सांगितलं, त्यांना हे दिवस वाईट असतात हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. नाळ कापणारं पातं अस्वच्छ आहे, तिथून जंतू शिरतो, हे त्यांना कळलं नाही, आणि केवळ जागून एकही बाळ वाचलं नसेल. बाळं वाचवली ती गरोदर बाईला दिलेल्या लशीने आणि स्वच्छ बाळंतपणाने. २०१५मध्ये भारत तान्ह्यांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं ते याच कामामुळे. तेव्हा जागरणाने धोक्याची वेळ ओळखली आणि प्रयोगशाळेने धोक्याचं कारण. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नव्हती. जागणारीचं म्हणणं प्रयोगशाळेपर्यंत पोचायला हवं होतं, एवढंच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सटवाईने लिहिलं ते टळत नाही असं मानणारी बाई लढेल कशाला? श्रद्धा माणसाला सोसायला शिकवते, आणि माहुलसारख्या ठिकाणी सोसणं म्हणजे मरणं. महाराष्ट्रात या आक्षेपाला मोठी परंपरा आहे आणि तिने दिलेली किंमतही मोठी आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशाच लढाईतून. तापलेल्या पोराला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणारी श्रद्धा मूल मारते, यात वाद नाही. म्हणून श्रद्धा चांगली की वाईट हा प्रश्न मला मोघम वाटतो. तपासायचं ते एवढंच, की ही श्रद्धा आईची नजर मुलाकडे वळवते की मुलावरून हटवते? भोंदू बाबा नजर हटवतो: तो म्हणतो, पोराकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. जिवती नजर वळवते. या कसोटीवर काही व्रतं टिकतील, काही टिकणार नाहीत, आणि जी टिकणार नाहीत ती खुशाल जावीत. राहता राहिला दैववाद. माहुलच्या बाबतीत तो देव्हाऱ्यातून कमी आणि कचेरीतून जास्त आला. ‘पर्यायी घरं उपलब्ध नाहीत’, ‘नियमानुसार वाटप झालेलं आहे’, ‘प्रदूषण आटोक्यात आहे’ ही वाक्यं कपाळावरच्या लेखाहून काही कमी अटळ नाहीत. सटवाईचं अक्षर निदान कुणाला वाचता येत नाही. सरकारचं वाचता येतं आणि तरी बदलत नाही.

आणि या इमारतींत सगळ्या घरी जिवती लागत नाही, हेही सांगायला हवं. तोडलेल्या वस्त्यांतून आलेल्यांत बौद्ध कुटुंबं आहेत, मुसलमान आहेत. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांनी सटवाईचा पाट विचारपूर्वक उचलून ठेवला, आणि ज्या देवतेने शतकानुशतकं त्यांच्या कपाळी अस्पृश्यता लिहिली असं सांगितलं गेलं तिच्याशी त्यांनी केलेला हिशेब रास्तच होता. पण पंचशील म्हणणारी आई मुलाकडे कमी लक्ष देते असं कोण म्हणेल? नियम वेगळे, शिस्त तीच. मुंबईत तर या बाबतीत सरमिसळ इतकी जुनी आहे, की सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत सगळ्या धर्मांची माणसं मेणाची लहान बाळं, मेणाचे हातपाय, मेणाची घरं वाहतात. एखाद्या नगररचनाकाराने त्या मेणाच्या वस्तूंच्या दुकानांपुढे एक दिवस उभं राहून कोणती वस्तू किती खपते हे नुसतं लिहून घेतलं, तर या शहराला काय हवं आहे याची यादी त्याला फुकट मिळेल.

श्रद्धा, आईपण आणि ठरवून जगणं या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात एकत्र आल्याचं मराठी इतिहासातलं लखलखीत उदाहरण आनंदीबाई जोशी यांचं आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या काळात असं मूल जाणं इतकं नित्याचं होतं, की त्याचा अर्थ लावायला ‘सटवाईची मर्जी’ एवढं पुरे होतं. आनंदीबाईंनी त्या मरणातून वेगळा निष्कर्ष काढला: बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही, म्हणून असं होतं. १८८३मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, लोकांसमोर भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे सांगितलं आणि हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असंही सांगितलं. १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या चरित्रातली जिद्द आपण शाळेत शिकवतो. मला त्यातला तर्क अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या दुःखाचं त्यांनी सार्वजनिक प्रश्नात रूपांतर केलं, आणि ते करताना देवाला सोडावं लागतं असं त्यांना वाटलं नाही. त्यांचा संकल्प आतल्या शांतीसाठी नव्हता. दुसरीच्या बाळंतपणात काय व्हावं यासाठी तो होता.

जागणारीचं म्हणणं प्रयोगशाळेपर्यंत पोचलं तर काय होतं, याचा दाखला जपानमधल्या मिनामाता गावाने दिला आहे. तेही किनाऱ्यावरचं, मासेमारीचं गाव. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातला पारा खाडीत जात होता, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. १९५६मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. मोठ्यांचं कारण हळूहळू उलगडलं. पण ज्यांनी कधी मासा तोंडात घातला नव्हता अशी तान्ही मुलंही तीच लक्षणं घेऊन जन्माला येत होती. त्या वेळचं वैद्यक सांगत होतं, की वार विष अडवते, आईच्या अंगातलं विष गर्भात जात नाही. आया सांगत होत्या, की मासे मी खाल्ले आणि विष पोराने घेतलं. म्हणून तर मी हिंडतेफिरते आणि ते निजून आहे. डॉ. हारादा मासाझुमी यांनी हे बोलणं कानाआड टाकलं नाही. १९६२मध्ये गर्भातल्या मिनामाता रोगाला मान्यता मिळाली. आणि पुढे पुरावा सापडला तो आयांच्याच घरात. जपानी कुटुंबांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा लाकडी डबीत जपून ठेवायची रीत आहे. त्या डब्या गोळा करून नाळा तपासल्या तेव्हा त्यांत पारा निघाला, आणि प्रत्येक नाळेबरोबर जन्मतारीख असल्यामुळे विष कोणत्या वर्षी किती होतं याचा आलेखच समोर आला. वात्सल्यापोटी जपलेली वस्तू विज्ञानाच्या कामी आली. आपल्याकडे नाळ पुरतात, त्यामुळे अशी डबी माहुलच्या घरांत मिळणार नाही; पण कोणत्या महिन्यापासून खोकला, कोणत्या रात्री वास, कोणत्या वाऱ्याला डोळे चुरचुरतात, ही तारीखवार जंत्री आयांच्या तोंडी असते. मिनामाताच्या रुग्णांनी १९७०मध्ये कंपनीचे शेअर विकत घेतले आणि ओसाकाच्या भागधारक सभेत ते यात्रेकरूंची पांढरी वस्त्रं लेवून, बौद्ध पदं म्हणत शिरले. ताळेबंदाच्या सभेत भजन! तिथे श्रद्धा आणि हिशेब यांची वाटणी कुणी केली नव्हती.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो कायद्याच्या बाजूने येतो. आईची साक्ष निःपक्ष नसते. माहुलच्या बाईला दुसरीकडे घर हवं आहे. तेव्हा ती आजार वाढवून सांगणारच. हे गृहीत धरू. पण हितसंबंध असलेल्याचं म्हणणं बाद ठरत असेल, तर ‘उत्सर्जन मर्यादेत आहे’ म्हणणाऱ्या कंपनीचं आणि ‘घरं राहण्यायोग्य आहेत’ म्हणणाऱ्या महापालिकेचंही बाद करावं लागेल. हितसंबंध कुणाला नाहीत? साक्ष पक्षपाती असली तर ती ताडून पाहायची असते, फेकून द्यायची नसते. आणि माहुलमध्ये ती ताडून पाहिली गेली आहे. केईएम रुग्णालयाने २०१३मध्ये इथे केलेल्या पाहणीत शंभरातल्या ६७ जणांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं होतं, आणि डोळे जळजळणाऱ्यांचं प्रमाण त्याहून मोठं होतं. हरित लवादाने या पाहणीची दखल घेतली. पाहणी म्हणजे शेवटी काय? डॉक्टरांनी लोकांना विचारलं आणि लोकांनी, त्यात घरी असणाऱ्या बायांनी, सांगितलं. तीच तक्रार कचेरीच्या खिडकीशी केली तेव्हा ती कुरकुर होती; रुग्णालयाच्या तक्त्यात बसल्यावर पुरावा झाली. पुढे ऑगस्ट २०२०मध्ये लवादाने दोन्ही तेल कंपन्यांवर आणि रसायनं साठवणाऱ्या दोन कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली, ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेत उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा हिशेब मांडल्यावर. ज्याला बाया ‘वास’ म्हणत होत्या, त्यालाच मंडळाने रासायनिक नाव दिलं.

दरम्यान ऑक्टोबर २०१८पासून माहुलची कुटुंबं विद्याविहारला, जिथून त्यांना उठवलं होतं त्याच जलवाहिनीच्या बाजूला, फुटपाथवर येऊन बसली होती. जीवन बचाओ आंदोलन या नावाने चाललेलं हे ठाण वर्षाहून अधिक टिकलं, आणि ते टिकवण्यात बाया पुढे होत्या. फुटपाथवर मुलांना घेऊन बसणं हे घरातल्या जागरणाचंच मोठं रूप होतं, फक्त पाटा-वरवंट्याच्या जागी फलक होते आणि कोऱ्या कागदाच्या जागी निवेदनं. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही माहुलला जायची सक्ती करू नका, आणि जे तिथे राहू इच्छित नाहीत त्यांना महिना १५ हजार भाडं व ४५ हजार अनामत द्या. न्यायालयाने जगण्याच्या हक्काची भाषा वापरली. माहुलचे रहिवासी शंभराहून अधिक मृत्यूंचा हिशेब सांगतात. प्रत्येकाचं कारण हवाच होती असं सिद्ध करणं अवघड आहे, आणि नव्हती असं सिद्ध करण्याची तसदी कुणी घेतलेली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो या लेखावरच उलटतो. बाईचं ऐकायचं, पण ती आई आहे म्हणून? मूल नसलेल्या बाईची फुप्फुसं काय कमी मोलाची? आणि मुलाची सगळी पाळत आईनेच ठेवायची हे मान्य केलं, की बाप मोकळा होतो, महापालिका मोकळी होते, आणि पोराला धाप लागली तर ‘तू लक्ष दिलं नाहीस’ हे बोलायला सगळे मोकळे होतात. हा धोका खरा आहे. आईची थोरवी गाऊन तिच्यावर ओझं लादण्यात मराठी समाज पटाईत आहे. या ढोंगावर सर्वांत कठोर प्रहार केला र. धों. कर्वे यांनी. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि मूल हवं की नको, कधी हवं, हे बाईने ठरवावं असं सांगत राहिले. पक्के बुद्धिवादी, त्यांना माझी जिवतीची वकिली मुळीच रुचली नसती. तरी त्यांचंच सूत्र पुढे नेलं तर ते माहुलपाशी येतं. मूल केव्हा व्हावं हे बाईने ठरवायचं असेल, तर त्या मुलाने कोणत्या हवेत श्वास घ्यावा हे ठरवताना तिला कुणी विचारलं पाहिजे की नको? गोळी तिच्या हाती आणि वाटपपत्र दुसऱ्याच्या हाती, हे अर्धंच स्वातंत्र्य झालं. म्हणून मी आईची साक्ष मागतो ती ती आई आहे या पुण्याईवर नव्हे. आजच्या घटकेला घरात चोवीस तास हवा घेणारी आणि आजारी मुलाशेजारी जागणारी व्यक्ती बहुतेक तीच आहे, म्हणजे प्रत्यक्षदर्शी तीच आहे, म्हणून मागतो. उद्या बाप जागू लागले, आणि ते जागावेतच, तर साक्ष त्यांचीही घ्यावी.

आता पुन्हा त्या जाणीवपूर्वक जगण्याकडे. सकाळी लवकर उठा, कृतज्ञतेची वही लिहा, घरात मोजक्याच वस्तू ठेवा, मुलांबरोबरचा वेळ मोबाइलविना घालवा: या उपदेशात वाईट काही नाही. पण २२५ चौरस फुटांत वस्तू मोजक्याच असतात, तो काही निवडीचा भाग नसतो. आणि वस्ती तुटल्यावर जिची धुण्याभांड्याची कामं सुटली, तिला संथ जगण्याचा सल्ला देणं हा विनोद आहे. या उपदेशाची खरी उणीव मात्र त्याच्या महागपणात नाही. त्याची दिशा आत वळलेली आहे. जग आहे तसं राहणार आहे, तू तुझं मन नीट लाव, असं तो सांगतो. म्हणजे कपाळावरचा लेखच, फक्त गुळगुळीत कागदावर छापलेला. आपल्या व्रतांत निदान कुणाचं तरी नाव असतं: हे मी अमक्यासाठी करते. पूजेच्या आधी सांगायच्या संकल्पात स्थळ आणि काळही उच्चारावे लागतात. कुठे आहोत हे सांगितल्याशिवाय संकल्प सुटत नाही. ज्या व्रतस्थ बाईला आपण पुजतो, तिने आपलं स्थळ ‘माहुल, रिफायनरीच्या कुंपणाशेजारी’ असं उच्चारलं, की आपली पूजा का थांबते?

माहुलबद्दलचा निर्णय तसा महापालिकेच्या माणसांनीच देऊन टाकला आहे. २०२५मध्ये इथली रिकामी घरं पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत या किमतीला छप्पर म्हणजे स्वप्न, तरी अर्ज थोडकेच आले. ज्यांना निवड होती त्यांनी ती केली. ज्यांना नव्हती ती कुटुंबं अजून तिथे आहेत, आणि गावठाण तर कुठे जाणारच नाही. त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट पालिकेला उद्यापासून करता येईल. चेंबूर-माहुलच्या प्रत्येक दवाखान्यात एक वही ठेवावी: तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठला, कुणाला काय झालं. नोंद करणाऱ्या बाईला पोच द्यावी, दर महिन्याला ती वही हवा मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांशेजारी लावावी आणि दोन्ही एकत्र जाहीर करावी. खर्च वहीचा आणि एका कारकुनाच्या तासाभराचा. तेवढं होत नाही तोवर माहुलच्या आईकडे पुरावा मागण्याचा अधिकार पालिकेला नाही.